कातडीचे वावडे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलत असतात. त्यांच्या रांगेत आज कामगार चळवळीतला एक माणूस उभा राहून खाजेवर बोलणार, याचे काही जणांना हसू आले असेल. येऊ द्या. खाज हा विषय हसण्याचा आहे तो ज्याला खाज नाही त्याच्यापुरताच. ज्याला आहे, त्याची झोप जाते, मग काम जाते, आणि पुष्कळदा शेजाऱ्याच्या घरचा चहाही जातो. मला या विषयाकडे यावे लागले ते याच वाटेने.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. माझे शाळेतले शिक्षण दहावीशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सरकारी दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसता बसता झाले. कामगाराबरोबर दवाखान्यात गेलो की डॉक्टरांना प्रश्न विचारायचे, त्यांनी सांगितलेले वहीत लिहायचे आणि घरी येऊन पुस्तकाशी ताडून पाहायचे, असा क्रम गेली तीसेक वर्षे चालू आहे. त्या वहीतले आज तुमच्यापुढे मांडतो. औषधाची चिठ्ठी मी देणार नाही. पण कोणत्या पुरळाला थांबता येते, कोणत्या पुरळाला धावत जावे लागते आणि दवाखान्यात गेल्यावर काय सांगावे, एवढे आपल्याला खात्रीने कळू शकते.

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे : वावडे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, एखाद्याला कोळंबीचे. बाकीची पंगत तेच जेवते आणि कुणाला काही होत नाही. व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली याच गोष्टीला ॲलर्जी हे नाव दिले. शब्द नवा, अर्थ तोच. वस्तू विषारी नसते. पण या एका माणसाचे शरीर तिला शत्रू समजू लागलेले असते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढण्यासाठी आहेत. त्यांनी चुकून एखाद्या निरुपद्रवी वस्तूची ओळख शत्रू म्हणून नोंदवून ठेवली, की ती वस्तू पुन्हा भेटताच लढाई सुरू होते, आणि लढाईची जागा म्हणजे आपली कातडी.

यातली एक गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण मालकाच्या बाजूचे लोक नेमके तिथेच बोट ठेवतात. ‘हा माणूस दहा वर्षे सिमेंट कालवतो आहे. दहा वर्षे काही झाले नाही, मग आजच सिमेंट कसे बाधले? याचे रक्तच खराब आहे.’ ऐकायला युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु वावड्याची रीतच अशी आहे की पहिल्या भेटीत ते कधीच दिसत नाही. शरीराने आधी ती वस्तू ओळखीची करून घ्यावी लागते. त्याला कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला वीस वर्षे. म्हणजे दहा वर्षे काही झाले नाही, हा सिमेंटच्या निर्दोषपणाचा पुरावा होत नाही. आणि एकदा ओळख पटली की ती बहुधा जन्मभर पुसली जात नाही. मग चिमूटभर वस्तूही पुरते.

आता अंगावर उठणाऱ्या गोष्टींत मुळात दोन जाती आहेत, त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली जात आपल्या ओळखीची. आपण तिला पित्त उठले म्हणतो, गांधी उठल्या म्हणतो. कातडीवर एकाएकी लालसर, फुगीर, खाजऱ्या चकत्या येतात, गांधीलमाशी चावल्यासारख्या. तिची खूण अशी की कोणतीही एक गांधी एका जागी चोवीस तासांहून अधिक टिकत नाही. इथली बसते, तिथे दुसरी उठते. पेनने तिच्याभोवती रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ राहील, गांधी नसेल. मागे डागही राहत नाही. कारण एखादे औषध असेल, एखादा अन्नपदार्थ असेल, कीटकाचा दंश असेल, साधा ताप असेल. पुष्कळदा कारण सापडतही नाही. आमच्याकडे आमसूल भिजवून तो कोळ अंगाला लावतात. त्याने गार वाटते, अपाय काही नाही. मात्र गांधी आपणहून बसणारच असते, श्रेय आमसुलाला मिळते, इतकेच.

परंतु या पहिल्या जातीत एक प्रसंग असा आहे की तिथे आमसूल शोधत बसायचे नाही. गांधींबरोबर ओठ, जीभ किंवा घसा सुजू लागला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, उलट्या सुरू झाल्या, चक्कर येऊन माणूस पांढरा पडला, तर ते पित्त नव्हे, तो जिवावरचा प्रसंग आहे. त्यावर पहिले औषध म्हणजे मांडीत दिलेले ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन, आणि ते मिनिटांत मिळावे लागते. १०८ क्रमांकाला फोन करा, किंवा जवळ जे वाहन असेल त्यात घालून दवाखाना गाठा. माणसाला आडवे ठेवा, पाय उंच करा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. उठवून चालवू नका. मधमाश्यांचे मोहोळ उठल्यावर किंवा इंजेक्शन घेतल्यावर असे होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. एखाद्या गोळीनेही होते, हे कमी जणांना ठाऊक असते.

दुसरी जात म्हणजे स्पर्शाचे वावडे. आज माझा मुख्य विषय हाच. यात पुरळ लगेच उठत नाही. वस्तू लागल्यावर एक-दोन दिवसांनी उठते, आणि म्हणूनच माणूस फसतो. सोमवारी हाताळलेल्या वस्तूचे पुरळ बुधवारी आले, तर तो मंगळवारी रात्री काय खाल्ले ते आठवत बसतो आणि बिचाऱ्या वांग्याला शिक्षा होते. आधी कातडी लाल होते, खाजते, मग बारीक पाणीदार फोड येतात, ते फुटून पाणी झरते, खपल्या धरतात. पुनःपुन्हा होत राहिले की कातडी जाड, काळी, खरखरीत होते, तिच्यावरच्या रेघा ठळक दिसू लागतात. ते दिवसांत जात नाही, आठवडे घेते.

यातले अपराधी शोधायचे तर कातडीचा नकाशा वाचायला शिकावे. पुरळ कुठे सुरू झाले, हा अर्धा तपास असतो. कानाच्या पाळीवर असेल तर हलक्या दागिन्यातले निकेल. बेंबीखाली असेल तर पट्ट्याचे बक्कल. कपाळाच्या मधोमध गोल असेल तर टिकलीचा डिंक किंवा कुंकवातला रंग. आणि टिकलीखालची जागा कधीकधी पांढरी पडते, तो कोड उतू आल्याचा नव्हे, त्या डिंकातल्या रसायनाचा प्रताप असतो. पावलाच्या वरच्या बाजूला, पट्ट्याच्या आकारात असेल तर चपलेचे चामडे किंवा रबर. केसांच्या कडेने, कानांवर असेल तर कलप. आणि लग्नसराईत हातावर जी झटपट काळी मेंदी काढतात तिच्यातही पुष्कळदा तोच कलपाचा पदार्थ असतो. पापण्यांवर असेल तर नखांना लावलेल्या रंगाचीही चौकशी करावी. नख निबर असते, त्याला काही होत नाही, बोट डोळ्याकडे गेले की पापणी सुजते.

आपल्या घरातला एक जुना अपराधीही सांगितला पाहिजे, तो म्हणजे बिब्बा. भेगांना बिब्बा, मुरगळले की बिब्बा, बाळाला बिब्बा. बिब्ब्याचे तेल कातडीला भाजते आणि वावडेही निर्माण करते. १९४३ साली हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि पाठीवर ठरावीक जागी पुरळ उठू लागले, तेव्हा तपासाअंती असे निघाले की धोबी कपडे ओळखण्यासाठी बिब्ब्याच्या रसाने जी खूण करीत, तिच्या बरोबर खाली ते उठते. कपडा धुऊन आला तरी त्या ठिपक्यात दम होता. ज्या वस्तूचा ठिपका एवढे करतो, ती आपण तान्ह्या बाळाच्या अंगाला लावतो.

आता मी माझ्या गावाकडे वळतो. पुण्याहून कात्रज ओलांडून सातारा रस्त्याने निघाले, खेड-शिवापूर मागे टाकले, की भोर तालुक्यातले आमचे शिवरे लागते. एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. तिथल्या माणसाचा एक पाय चिखलात आणि एक शिंदेवाडी-वेळूच्या कारखान्यांत. अशाच एका चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पुरळ आले. आधी पापण्या सुजल्या, मग मान, मग कोपरांच्या आतली बाजू. पावसाळ्यात वाढायचे, उन्हाळ्यात थोडे कमी व्हायचे. तीन वर्षांत चेहऱ्याची कातडी जाड आणि काळपट झाली, कपाळावर आठ्यांच्या वळ्या पडल्या. गावात कुजबुज सुरू झाली की हा महारोग. चहाच्या टपरीवर त्याचा कप वेगळा झाला. कारखान्यात ठेकेदाराने सांगितले, उद्यापासून येऊ नकोस, बाकीची पोरे घाबरतात. घरी मुलीचे लग्न ठरत होते, ते थांबले.

त्याला घेऊन आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरांनी आधी डागांवर कापूस फिरवून पाहिला. संवेदना शाबूत होती. महारोगाचा डाग बधिर असतो आणि सहसा खाजत नाही; याला तर खाजेने झोप नव्हती. मग त्यांनी हनुवटीखाली, कानांमागे आणि पापण्यांच्या घडीत नीट पाहिले. या जागा सावलीत असतात. नुसत्या उन्हाने उठणारे पुरळ या जागा वगळून जाते. इथे या जागाही भरलेल्या होत्या. याचा अर्थ, जे काही बाधत होते ते उन्हासारखे वरून पडत नव्हते, धुळीसारखे हवेतून येऊन घडीघडीत बसत होते. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘घराभोवती गाजरगवत आहे का?’ शिवऱ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न म्हणजे घराभोवती हवा आहे का, असे विचारण्यासारखेच.

या गवताचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे, म्हणून थोडा विस्तार करतो. मूळ ते अमेरिका खंडातले. पुण्यात त्याची तुरळक झाडे १९५१ साली परांजपे यांनी नोंदली, आणि १९५६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्यातल्या झाडांवरून त्याची भारतासाठी नवी म्हणून नोंद प्रसिद्ध केली. काही जुने नमुने त्याआधीचेही सापडले आहेत. पण ते माजले आणि देशभर पसरले ते यानंतर. लोक म्हणतात, ते पी. एल. ४८० च्या गव्हातून आले. गोष्ट ऐकायला पटते. पण तारखा मांडून पाहिल्या की लंगडी पडते. तो कायदा अमेरिकेत १९५४ साली झाला आणि भारताशी त्याखालचा करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. गवत त्याआधीच पुण्यात उगवलेले होते. अमेरिकेचा गहू त्यापूर्वीही येत होता, तेव्हा गव्हाची निर्दोष सुटका करावी असे मी म्हणत नाही. खटला चुकीच्या कलमाखाली भरला आहे, एवढेच म्हणतो. त्याला काँग्रेस गवत असेही म्हणतात. कुणी म्हणतात पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून. त्या नावाच्या राजकारणात मी या व्यासपीठावरून शिरत नाही.

याच पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अरविंद लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या दोन परदेशी तज्ज्ञांसह १९७४ साली या गवतापासून होणाऱ्या त्वचारोगाचा अभ्यास लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाच्या त्वचारोग संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगातल्या डॉक्टरांना हा रोग नीट समजला तो आपल्या गावाच्या रोग्यांवरून. यात अभिमान धरावा की खेद, मला ठरवता येत नाही.

गवताच्या पानांवर, देठांवर, फुलांवर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचा पदार्थ असतो, तोच मुख्य अपराधी. झाड वाळले, चुरले, की ही लव आणि पानांचा चुरा धुळीत मिसळून उडतो. म्हणून ज्याने गवताला हातही लावला नाही, त्याच्याही तोंडावर पुरळ उठते. शेतकरी, रस्त्यावर काम करणारे, उघड्यावर वावरणारे पुरुष यात अधिक सापडतात, बहुधा तिशी-चाळिशीच्या पुढचे. कालांतराने काहींची कातडी उन्हालाही असहिष्णू होते, मग दुहेरी त्रास. शिवाय हे गवत शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातले आहे. गवताचे वावडे असलेल्याला शेवंतीही बाधू शकते. तेव्हा हार विकणाऱ्या बाईच्या हातावरचे पुरळ पाहताना हे लक्षात ठेवावे.

खात्री कशी करायची? त्यासाठी पॅच टेस्ट नावाची परीक्षा आहे. जर्मन डॉक्टर यादासोन यांनी ती १८९५ साली मांडली; सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, अजून तिच्यासारखी दुसरी नाही. संशयित वस्तूंचे सौम्य अंश लहान लहान चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी पट्टी काढून पाहतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. कारण काही अपराधी उशिरा कबुली देतात. ज्या चकतीखाली लाल, खाजरा उठाव आला तो अपराधी. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घामाचे काम करायचे नाही. पाठीवर पुरळ पेटलेले असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना परीक्षा करीत नाहीत. रक्त काढून शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्या निघाल्या आहेत. स्पर्शाच्या वावड्याला त्यांचा उपयोग नाही. आमच्या शिवऱ्याच्या माणसाच्या पाठीवर गाजरगवताची चकती चांगली उठली. तो कागद मी चार ठिकाणी दाखवला : ठेकेदाराला, चहाच्या टपरीवर, सरपंचाकडे आणि मुलीच्या सासरी. औषधाने त्याची खाज गेली. त्या कागदाने त्याची बाकीची खाज गेली. हे पुरळ संसर्गजन्य नाही. त्या माणसाच्या कपातून चहा पिऊन, त्याच्याशी हस्तांदोलन करून कुणालाही ते होत नाही.

माझ्या धंद्याचा दुसरा मोठा अपराधी सिमेंट. गवंडी आणि बिगारी यांच्या बोटांच्या बेचक्यांत, तळहाताच्या मागे, पायांवर जे चिरते-झरते त्याची दोन कारणे एकत्र असतात. ओले सिमेंट मुळातच दाहक. ते प्रत्येकाची कातडी खाते. त्याला वावडे म्हणत नाहीत, ती इजा आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून कुणालाही होते. दुसरे कारण त्यातले क्रोमियम. त्याचे वावडे काही जणांना जडते आणि मग आयुष्यभर राहते. यावर उपाय नाही असे नाही. सिमेंटमध्ये थोडा हिराकस मिसळला की क्रोमियमचे बाधक रूप बदलते. डेन्मार्कने हे आधी केले, आणि जानेवारी २००५ पासून युरोपात सिमेंटमधले विरघळणारे बाधक क्रोमियम दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम लागू झाला. हिराकस काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. आपल्या गवंड्याच्या हातासाठी एवढे मागणे फार मोठे आहे असे मला वाटत नाही.

कारखान्यात हेच काम यंत्रावरचे कूलंट करते, रंगाचे थिनर करते. त्यातही एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत रोज घडते : पाळी संपल्यावर तेलकट हात रॉकेलने किंवा थिनरने धुणे. तेल जाते, त्याबरोबर कातडीचे स्वतःचे तेलही जाते, आणि दार उघडे पडते. रबरी हातमोजे द्यावेत, हे खरे. पण रबरातल्या रसायनांचेही वावडे असू शकते, मग दुसऱ्या जातीचे मोजे द्यावे लागतात. आणि फिरत्या यंत्रावर मोजे घालूच नयेत. मोजा सापडला की हात सापडतो.

कायदा काय म्हणतो, हेही सांगायला हवे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून व्यवसायातून जडलेल्या ठरावीक आजारांना अपघाताच्या बरोबरीने मानण्याचे तत्त्व आपल्याकडे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रसायने आणि रंग यांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग हा कळवण्याजोगा आजार म्हणून घातला गेला. हे जुने कायदे आता चार संहितांत गेले आहेत, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत, आणि सुरक्षा व आरोग्याच्या संहितेच्या अनुसूचीतही हा आजार आहे. तरीसुद्धा कामगाराच्या कागदावर डॉक्टर नुसते ‘खाज’ लिहितात आणि कामगार ते घेऊन घरी येतो. माझे सांगणे असे की दवाखान्यात गेल्यावर आपण काय काम करतो ते पहिल्या वाक्यात सांगावे, हात कशात असतो ते सांगावे, सुट्टीत बरे वाटते का ते सांगावे, आणि ते कागदावर लिहून घ्यावे. सुट्टीत उतरणारे आणि कामावर चढणारे पुरळ हे रक्ताचे नसते, कामाचे असते. शेतात गाजरगवत उपटणाऱ्या मजूर बाईला मात्र या सगळ्या अनुसूच्यांचा काडीचा उपयोग होत नाही. तिला कारखाना नाही, म्हणून तिचा आजार कुणाला कळवायचा हेच ठरलेले नाही.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे अपराध्यापासून दूर होणे. तो केल्याशिवाय बाकीचे सगळे फुटक्या घागरीत पाणी. त्यानंतर अंग साध्या पाण्याने धुवावे, साबण सौम्य आणि थोडा. पुरळ ओले, झरते असेल तर स्वच्छ सुती फडके गार पाण्यात भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, दिवसातून तीन-चार वेळा. पुरळ कोरडे, चिरलेले असेल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, ओलसर अंगावर, दिवसातून अनेकदा. नखे कापलेली असावीत. लिंबू, डेटॉल, तंबाखूचे पाणी, रॉकेल, बिब्बा यांतले काहीही लावू नये. निओमायसिन असलेली मलमे, जी आपण खरचटले की सर्रास लावतो, त्यांचेही पुष्कळांना वावडे जडते. मलम लावल्यावर पुरळ वाढले तर मलमावरच संशय घ्यावा.

डॉक्टर स्पर्शाच्या वावड्याला बहुधा स्टिरॉइडचे मलम देतात. ते चांगले औषध आहे. किती जोराचे, कुठे आणि किती दिवस, हे ठरलेले असले तर. चेहऱ्याला सौम्य लागते, जाड तळहाताला जोराचे. आपल्याकडे दुकानदाराला विचारून जोराचे मलम नळीच्या नळी चेहऱ्यावर लावतात. गोरे होण्यासाठीही लावतात. त्याने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, आणि सोडले की आग होते. गजकर्णाला तर तेच मलम म्हणजे विस्तवाला तूप. आधी खाज थांबते, मग वर्तुळे अंगभर पसरतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा हुकूम काढला, तरी नळ्या मिळतातच. म्हणून आधी ओळख हवी. कडा उठावदार आणि मध्य साफ असे वर्तुळ वाढत असेल तर गजकर्णाचा विचार करावा. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि कंबरेभोवती असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर ती खरूज. तिथे घरातल्या सर्वांना एकाच वेळी औषध लागते.

गोळ्यांविषयी एक शब्द. खाजेच्या गोळ्या गांधींना छान लागू पडतात, स्पर्शाच्या पुरळाला फारशा नाहीत. आणि त्यांतल्या जुन्या, स्वस्त गोळ्यांनी झोप येते. प्रेसवर काम करणाऱ्याने, गाडी चालवणाऱ्याने ती गोळी घेऊन पाळीला जाऊ नये. डॉक्टरांना यंत्राविषयी सांगितले की ते कमी झोपेची गोळी देतात. तीही पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावी. गाजरगवताचे जुनाट पुरळ असेल तर पोटातून घ्यायची जोराची औषधे लागतात, त्यांवर रक्त तपासत राहावे लागते. ती मध्येच सोडू नयेत आणि शेजाऱ्याची आपण घेऊ नयेत.

आणि एक पुरळ असे की त्यात एक दिवसही थांबू नये. नवी गोळी सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांच्या आत ताप येऊन अंगभर पुरळ उठले, तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी चट्टे पडले, कातडी दुखू लागली किंवा सुटू लागली, तर गोळीचे पाकीट हातात घेऊन थेट मोठा दवाखाना गाठावा. सल्फाच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनी असे होते. त्या गोळीचे नाव कागदावर लिहून तो कागद जन्मभर पाकिटात ठेवावा.

शेवटी गवताचे. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया येतात, तेव्हा फुलल्यावर उपटणे म्हणजे पेरणेच. पाऊस पडून जमीन भिजली की, फुले येण्यापूर्वी, मुळासकट उपटावे. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात मोजे, तोंडाला फडके. परतल्यावर अंघोळ आणि कपडे वेगळे धुणे. ज्याला आधीच पुरळ आहे त्याने त्या दिवशी गावात थांबू नये, मग तो कितीही उत्साही असो. न फुललेले गवत खड्ड्यात पुरून खत करता येते. वाळलेले जाळू नये. धूर आणि चुरा वाऱ्यावर कुणाच्या पापणीवर बसेल सांगता येत नाही. जिथे जागा मोकळी होईल तिथे टाकळा पेरावा, तो गवताला उठू देत नाही. मेक्सिकोहून आणून १९८४ साली बंगळूरला सोडलेला एक पट्ट्यांचा भुंगेरा पावसाळ्यात या गवताची पाने खातो. तो दिसला तर मारू नका, आणि त्या कोपऱ्यात तणनाशकही मारू नका. शिवऱ्यात महामार्गाची कड कुणी साफ करायची, ग्रामपंचायतीने की रस्त्याच्या ठेकेदाराने, यावर सध्या पत्रव्यवहार चालू आहे. ठेकेदाराने माणसे पाठवायचे कबूल केले आहे. त्या माणसांना मोजे कोण देणार, हे माझ्या शेवटच्या पत्रात विचारले आहे. त्याचे उत्तर यायचे आहे.